प्रत्यक्ष भेटू

ओव्हिला : ...आणि दारातच उभी राहू नकोस. बूट काढ, बर्फाचं पाणी होतंय सगळीकडे.

सोलांज : पपा, आज मंगळवार. हा पांढरा शर्ट कशाला? कुणाचं लग्न आहे?

ओव्हिला : कंपनीचा माणूस यायचाय.

सोलांज : कधी?

ओव्हिला : ते लिहिलेलं नाही. म्हणून रोजच घालतो. आज नववा दिवस. तुझी आई असती तर म्हणाली असती, म्हातारा गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय.

सोलांज : कुणी येणार नाही, पपा. शुक्रवारच्या ईमेलमध्ये कळवलंय ना सगळं? तीस तारखेला कागदाची गिरणी बंद.

ओव्हिला : ईमेल पाहिला. पण त्याच्या आधीचं पत्र पोस्टानं आलंय, सहीशिक्क्याचं. हे घे. वाच मोठ्यानं.

सोलांज : मला माहीत आहे त्यात काय आहे.

ओव्हिला : वाच म्हणतो ना.

सोलांज : 'कोणताही निर्णय घेण्यापूर्वी आम्ही आपल्यापैकी प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटू.'

ओव्हिला : बघ! बेचाळीस जण फाटकावर ठाण मांडायला निघाले होते. क्लेरमाँ तर घरनं खुर्ची घेऊन. मीच आडवा गेलो. म्हटलं, लेको, ते भेटायला येतायत, आधी ऐकून तरी घेऊ. एकतीस वर्षं कागदाच्या यंत्रावर सोबत काढलीत, ऐकलं माझं. आता दुकानात गेलो की पाठ फिरवतात. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही मला.

सोलांज : पपा...

ओव्हिला : म्हणून तुला मॉन्ट्रियलहून बोलावलं. त्या टोरोंटोच्या साहेबाला इंग्रजीत एक झणझणीत पत्र लिही. म्हणावं, शब्द दिलात, आता पाळा.

सोलांज : त्यांनी असा शब्द दिलाच नव्हता.

ओव्हिला : मग हे काय माझ्या आजीनं लिहिलं?

सोलांज : हे फ्रेंच भाषांतर आहे, मूळ पत्र इंग्रजीत होतं. त्यात होतं 'रीच आउट'. तिकडच्या ऑफिसांत हे ऊठसूट वापरतात. फोन करायचा असो, पत्र टाकायचं असो, ईमेल धाडायचा असो, सगळ्याला तेच.

ओव्हिला : मग आमच्या पत्रात भेटणं कुठून आलं? आणि थांब. न वाचता तुला कसं माहीत होतं काय लिहिलंय ते?

(सोलांज पत्राची घडी घालते, उघडते, पुन्हा घालते.)

सोलांज : भाषांतराचं काम आमच्या ऑफिसात माझ्याकडेच आलं होतं.

ओव्हिला : तुझ्याकडे.

सोलांज : वरती आपल्या गिरणीचं नाव दिसलं. मी टोरोंटोला विचारलं, नेमकं काय करणार आहात? उत्तर आलं नाही, आणि मजकूर बाराच्या आत द्यायचा होता. 'संपर्क साधू' लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण तू डोळ्यांपुढे आलास. वाटलं, इतक्या वर्षांनंतर निदान कुणीतरी समोर येऊन सांगावं. लिहून टाकलं.

ओव्हिला : मग चुकलीस. चुकतो माणूस. मी एकदा तीन टन कागद फुकट घालवलाय.

सोलांज : तेवढंच असतं तर तुझ्याकडे बघता आलं असतं मला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कुणी भेटणार नाही, फक्त ईमेल जाईल. तोवर पत्रं पोस्टात पडली नव्हती. एका फोनवर थांबली असती. पण माझं काम तपासणाऱ्या बाई त्याच सकाळी सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, काय सुरेख वाक्य उतरवलंयस! मग मला तोंडच उघडवेना. शुक्रवारचा ईमेलही मीच उतरवला, पपा. तेव्हाही गप्प बसले.

ओव्हिला : आणि इथं मी तुझ्या वाक्यावर हात ठेवून शपथा घेत होतो.

सोलांज : शिव्या दे ना मला.

ओव्हिला : शिव्या देऊन काय होणार? सूप उतरव आधी, वाटाणे बुडाला लागतील.

सोलांज : उतरवलं.

ओव्हिला : भेटू असं लिहिलं कुणी?

सोलांज : मी.

ओव्हिला : काही जणांना?

सोलांज : प्रत्येकाला.

ओव्हिला : मग घाल बूट.

सोलांज : बेचाळीस घरं? काय सांगू मी त्यांना? गिरणी थोडीच चालू करता येणारे मला!

ओव्हिला : मला सांगितलंस तेच सांग. फोन केला नाहीस तेसुद्धा. माझ्याकडे बघत बसायचं नाही मध्ये, मी नुसता बाजूला उभा राहीन.

सोलांज : लाज वाटते रे, पपा.

ओव्हिला : मला शुक्रवारपासून वाटतेय. चल. पहिलं घर क्लेरमाँचं.

सोलांज : तो दार तरी उघडेल का?

ओव्हिला : माझ्याशी बोलत नाही तो. पण त्याची बायको सांगत होती, तोही रोज सकाळी टाय बांधून खिडकीत बसतो.