चष्म्याची ओळ

(कागदावर पेन्सिलीची खरखर तेवढी. एवढ्यात स्वयंपाकघरात झाकण पडतं.)

धाकटी : अगं बाई! दचकलेच.

थोरली : चिऊ, भांड्यांशी खेळू नकोस राणी. हं, हे वाक्य बघ. चार ओळी, सहा 'आणि', पूर्णविराम औषधाला नाही. वाचणाऱ्याने श्वास कधी घ्यायचा?

धाकटी : माझ्या डोक्यात तसंच आलं गं.

थोरली : डोक्यात आलं तसं छापत नाहीत. 'आई उठून दरवाज्याच्या दिशेने चालत गेली आणि तिने तो उघडला.' त्यापेक्षा 'आईने दार उघडलं.' संपलं!

धाकटी : खरंच की! ताई, तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं.

थोरली : मस्का नको. मासिकाने कथा तुझ्याकडे मागितली, माझ्याकडे नाही.

धाकटी : तू हल्ली लिहितेस कुठे?

थोरली : सात वर्षं पाठवत होते. साधा नकारसुद्धा नाही आला. आता दिवसभर लोकांचे स्वल्पविराम, नाहीतर हिचा गृहपाठ. तुझं बरंय, दार लावलं की लिहायला मोकळी.

धाकटी : चिडलीस?

थोरली : छे! पुढे बघ. काल रात्रीच तपासून ठेवलंय सगळं. लाल खूण म्हणजे चूक. निळी म्हणजे फापटपसारा, काढायचा.

धाकटी : चष्म्याच्या ओळीवर निळी?

थोरली : कुठली गं?

धाकटी : 'आई गेली, पण तिच्या चष्म्याच्या काड्या अजून तिच्याच कानांच्या मापाने वाकलेल्या आहेत.'

थोरली : हां, ती. चष्मा आधी येऊन गेलाय. पाल्हाळ वाटतो.

धाकटी : हे लिहिताना रडले होते मी.

थोरली : आपण रडलो म्हणून वाक्य चांगलं होत नाही.

धाकटी : नक्की काढू?

थोरली : कथा तुझी. मला काय विचारतेस?

धाकटी : तुझ्याएवढं कळतं कुणाला? काढली बघ. चल, पळते, पाचच्या आत द्यायचीय. चिऊ, मावशी निघाली गं!

चिऊ : टाटा मावशी!... आई, मला आता जोडाक्षरंपण वाचता येतात. च-ष्म्या-च्या.

थोरली : शाबास! कुठे वाचलंस?

चिऊ : डब्यांच्या मागे तुझी वही असते ना, त्यात. काढताना झाकण पडलं.

थोरली : ती दे इकडे.

चिऊ : तू म्हणालीस ना, ह्यात फक्त तुझ्या स्वतःच्या गोष्टी असतात? मग मावशीची ओळ तिला काढायला लावून तू इथे का लिहिलीस?