आय ॲम गुड!

मंडळी, एक सांगा! पोट भरलं हे कळतं, पण मन भरलं ते कसं ओळखायचं? अहो, नुसत्या माना डोलावू नका! हा कीर्तनकार बुवा सांगतो. ऐका.

कोकणात एका गावी दाजी वझे राहायचे. त्यांची लेक केतकी शिकायला विलायतेत गेली आणि तिने तिथलाच मुलगा पसंत केला. दाजी म्हणाले, "हरकत नाही! पण व्याही माझ्या घरी जेवून तृप्त होऊन उठले, तरच लग्न!" लगेच डिक्शनरी काढली. तृप्तला इंग्रजी काय? सॅटिस्फाइड! आठ दिवस घोकला. आता तो शब्द ऐकल्याशिवाय माघार नाही!

व्याही आले, रॉबर्टसाहेब. पाटावर बसताना गुडघे कुरकुरले बिचाऱ्यांचे! केतकी आत मोदक उकडतेय, बाहेर दाजी वाढतायत. तीन मोदक झाले. साहेब हात आडवा धरून म्हणाले, "आय ॲम गुड!"

दाजी खूश! "गुड? मग घ्या की!" — चौथा पडला, वर तुपाची धार.

"आय ॲम हॅपी!" — पाचवा!

"आय ॲम कंटेंट..." — हा शब्द तर घोकलेलाच नाही! म्हणजे काहीतरी कमी पडतंय — सहावा!

सातव्याला साहेब लालबुंद. "आय ॲम फेड अप!"

फेड म्हणजे खाऊ घातलं, एवढं दाजींना ठाऊक. टाळी वाजवून ओरडले, "केतकी, भरलं गं पोट! अगदी वरपर्यंत!"

केतकी धावत आली. डोळ्यांत पाणी. "बाबा, फेड अप म्हणजे वैतागले!"

दाजी मटकन बसले. "म्हणजे तृप्त नाही झाले... मोडलं लग्न."

"झाले होते हो, तिसऱ्याच मोदकाला! गुड म्हणजे 'पुरे'. हॅपी म्हणजे 'आहे त्यात आनंद'. कंटेंट म्हणजे 'आता काहीच नको'. आणि तुमचं ते घोकलेलं 'सॅटिस्फाइड का?' तर तिकडे मिक्सर विकणाराही गिऱ्हाइकाला विचारतो! त्यांचं पोट कधीच भरलं, बाबा. भुकेले तुम्ही होता, कौतुकाला!"

साहेबांना मराठी कळेना, पण व्याह्याचा पडलेला चेहरा कळला. त्यांनी एक मोदक उचलून दाजींपुढे पानावर ठेवला. दाजी सकाळपासून उपाशी हो! डोळे मिटून खाल्ला. साहेबांनी दुसरा उचलला, तसा दाजींनी पानावर हात आडवा धरला —

"आय ॲम गुड!"

साहेब हसता हसता पाटावरून घसरले! लग्न? झालं की!

हसताय? लेक फोनवर 'सुखात आहे' म्हणते, तरी 'नक्की ना? नक्की ना?' करता — तुम्हीच ना ते? समोरच्याचं 'पुरे' ऐका. आणि कधीतरी स्वतःच्या पानावर हात धरा! देव वाढतोच आहे, आपणच 'पुरे' म्हणून हात आडवा धरत नाही.

चला, बुवाही आग्रह आवरतो — तुम्ही फेड अप व्हायच्या आत! म्हणा, हरी हरी!