मालनच्या बाळाची दोन बोटं

मंडळी, कीर्तनाला बसलात, आता एका प्रश्नालाही बसा! संकट समोर उभं असताना जो हात बांधून थांबतो, तो धीराचा माणूस की हयगय करणारा? उत्तराची घाई करू नका. मी स्वतः ह्यात गोंधळलोय!

ऐका. कासारी गावची मालन. नवरा पिराजी – लग्नसराईत बँड घेऊन हिंडणारा. घरात सासू हौसाबाई. आणि तान्हा सोपान – त्याच्या हाताच्या करंगळीवर एक गाठ, पायाच्या बोटावर एक. लालसर, टणक. मसुराएवढी!

मालननं तालुक्याला डॉक्टर कणबर्गीबाईंना दाखवलं. बाईंनी तुकडा काढून तपासला आणि म्हणाल्या, "गाठ साधी आहे. अंगात पसरत नाही. पुष्कळदा आपणहून विरते. कापली तर पुन्हा उगवू शकते. सध्या कापायचं नाही. बघत राहा."

झालं! हौसाबाई कडाडल्या, "कापायला येत नाही म्हणून सांगतीय ती! अगं, चामखिळीला काय करतात? घोड्याचा केस बांधतात!"

"आत्याबाई, ही चामखीळ नाही हो."

"तू मला शिकीव!"

पिराजीनं नवरदेवाच्या घोड्याच्या शेपटीतला केस आणला. घोडा काही बोलला नाही – बोलता तर तोही एक सल्ला देऊन गेला असता!

मालन पाण्याला गेली, तेवढ्यात सासूनं पायाच्या गाठीला केस आवळला. मालन परतली, तर लेकरू रडून निळं, आणि बोट त्याहून निळं! केस कातडीत रुतलेला. लेकराला घेऊन तशीच दवाखान्यात पळाली. कणबर्गीबाईंनी भिंगाखाली तो केस कापून काढला. बोट वाचलं. हौसाबाई दवाखान्याच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या. म्हणाल्या, "आता कुणी बोट लावायचं नाही त्याला. डॉक्टरीण सांगंल तेच!"

इथं संपलं असतं, तर मी सोपा उपदेश करून मोकळा झालो असतो. पण मंडळी, संपलं नाही!

पुढं हाताची गाठ वाढली. करंगळी आत वळायला लागली. मालन म्हणाली, "बाईंना दाखवू या." आणि आता हौसाबाई काय म्हणतात? "थांब! कापायचं नाही असंच ना सांगितलं तिनं? एकदा चुकले, पुन्हा नाही चुकायची!"

सांगा, आता सासूचं काय चुकलं? मालनच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. करावं तर बोट जातं, न करावं तर बोट जातं! शेवटी उठली, लेकराला घेऊन दवाखान्यात गेली; मागोमाग हौसाबाईही.

बाई म्हणाल्या, "हाताची गाठ काढावी लागेल. पायाची राहू द्या."

मालन चिडली. "तेव्हा कापू नका म्हणालात! मग खरं कुठलं?"

"दोन्ही. तेव्हा करंगळी सरळ होती. आता वाकतेय. मी विसरा म्हटलं नव्हतं, मालन. बघत राहा म्हटलं होतं."

"काढल्यावर पुन्हा येणार नाही ना?"

"येऊ शकते."

"मग काढायची कशाला?"

"करंगळी वाकून राहू नये म्हणून."

मालननं हौसाबाईंकडं पाहिलं. हौसाबाईंनी लेकराकडं. मग त्याच डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाल्या, "घे बाई, लेकराला आत घे."

पायाची गाठ सोपान चालायला लागेतो विरून गेली – कुणी काही न करता! हाताची काढली, तरी तिथं पुन्हा बारीकसा दाणा आलाच. पण करंगळी सरळ! हौसाबाई अजून विचारतात, "महाराज, मी पहिल्यांदा चुकले की दुसऱ्यांदा?" मी म्हणतो, आजी, दोन्ही वेळा तुम्ही लेकराच्या बोटाकडं पाहिलंच नाही. पहिल्यांदा चामखीळ पाहिली, दुसऱ्यांदा स्वतःची चूक!

आणि तुम्ही हसू नका! "देवावर सोडलंय" असं आपण किती सहज म्हणतो! पोरगं घुमं झालंय – देवावर सोडलंय. म्हातारीला नीट दिसत नाही – देवावर सोडलंय. अरे, सोडलंत ते सोडलंत – पण पाहिलंत कधी? टाळ हातात घ्या मंडळी, खुशाल घ्या. पण आज घरी गेल्यावर दिवा जवळ करा, आणि ज्याच्यावर सगळं सोपवून बसलात, त्या देवाच्या आधी, ज्याला त्याच्यावर सोडलंत त्या माणसाचं तोंड बघा!