सायलेन्सरातनं येणारा वास

पयलं हे लिवून घ्या की मी चोर न्हवतो. जल्म कुटं झाला, बाप काय करत हुता, ते मग लिवा. न्हायतर आत्ताच लिवा की, त्यात काय. आमी वैरागकडचे, बाप मेंढरं राखायचा, आज्जा बी मेंढरंच राखायचा, आमच्या अंगाला मेंढरांचा वास यायचा आन् बाजारात लोक नाकाला फडकं लावायचे, पर आमाला तो कदी आलाच न्हाय, घरचाच वास तो. पेट्रोलच्या वासानं मातर मला जल्माची शिसारी आणली. काय सांगू तुमाला, अजून बी कुटं पेट्रोल सांडलं की मीच नाकाला फडकं लावतो.

तर दुष्काळ पडला, मेंढरं गेली, मी ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो आन् डायवर होऊन सोलापुरात उतरलो. शुक्रवार पेठेत एक शेठ हुता, त्याचे अक्कलकोट रोडला चादरीचे माग, त्याच्या गाडीवर ऱ्हायलो. गाडी जुनीच, ॲम्बॅसिडर, पर शेठचा तोरा असा की जणू उडायचं इमानच घेतलंय. नवरात्रात तुळजापूरला गेलो, तितनं शेठनं ओटीतला नारळ आणला, लाल कापडात गुंडाळला आन् म्हनला, हा गाडीत बांध. आरशाला बांधू तर म्हने समोरचं दिसत न्हाय. मग त्यानंच सोताच्या हातानं खाली चोकचा खटका हुता त्याला गाठ मारली. चोक म्हंजे काय, थंडीत गाडी चालू होईना की तो वढायचा, जास्तीचं पेट्रोल जातंय, इंजिन तापलं की आत दाबायचा. सोलापूरच्या उन्हात त्याची गरज किती पडनार, सांगा! कुनाचं ध्यान न्हाय तिकडं. माझं बी न्हाय.

आन् मजा बघा, दुसऱ्या दिवशी गाडी एका दमात चालू झाली. शेठ हात जोडून म्हनला, बघ, देवीची किरपा! मी बी जोडले हात.

चार दिसांत सायलेन्सरातनं वास सुरू झाला. कच्च्या पेट्रोलचा वास, डोळं चुरचुरतील आसा, वर काळा धूर. शेठची म्हातारी आई, तिला आमी सगळे आक्का म्हनायचो, ती मागं बसली की तोंडाला पदर लावायची आन् जुना पूल आला की वकायची. गाडी पेट्रोल पेयाला लागली दारुड्यावानी. मिस्त्रीकडं नेली. आता शेठचा हुकूम आसा, देवीचा नारळ गॅरेजात न्यायचा न्हाय, मिस्त्र्याचे काळे हात लागतेत. म्हनून मी हात धुऊन गाठ सोडायचो, खटका आपसूक आत जायचा, नारळ देवघरात ठेवायचो, मग गाडी न्यायचो. मिस्त्री नाक लावून हुंगायचा, कुटं वास? कार्बोरेटर खोलायचा, प्लग पुसायचा, फेरी मारून यायचा, गाडी अशी पळायची की नव्या नवरीला लाजवंल. म्हनायचा, काय न्हाय हो हिला, उगा आणता. घरी आलो की शेठ नारळ परत बांधायचा आन् परत तोच वास. किती येळा झालं हे, इचारू नका.

शेठनं त्यातनं काय काढलं, ठावं हाय? म्हनला, गॅरेजात नीट, दारात आली की माझ्यासमोर नीट, मग तुझ्याच हातात घान. तू नळी लावून तोंडानं वढतोस, डब्यात इकतोस, सांडतंय त्याचा वास. मी म्हनलो, शेठ, वास सायलेन्सरातनं येतोय, टाकीतनं न्हाय, माझ्या पोटच्या पोरीची आन. म्हनला, तोंड उघड. मागांच्या खोलीम्होरं, सगळे कामगार बाहेर बिड्या वढत बसल्यात, तितं मला तोंड उघडाय लावलं आन् माझ्या तोंडाला नाक लावून वास घेतला. म्हैस घेताना दात बघत्यात ना, तसं. आन् म्हनला, येतोय की. आवं, दिवसभर त्या धुरात बसनाऱ्याच्या तोंडाला काय अत्तराचा वास येईल? थू!

त्या कामगारांत एक जन हुता, माझ्या पोरीला ज्या घरातनं सांगून आलतं त्या पोराचा चुलता. सुपारी फुटायची तेवढी ऱ्हायलेली. सांजंला निरोप आला, जरा थांबू म्हने. आमच्यात जरा थांबू म्हंजे काय, ते शेंबड्या पोराला बी कळतंय. पेट्रोलचोराची पोरगी कोन करनार? माझी मालकीन चुलीपुडं रडाय लागली, आन् पोरगी गुमान भाकऱ्या थापत हुती, एक बी करपली न्हाय. मला वाटलं, नोकरी सोडावी. पर सोडली तर चोरीचा शिक्का पक्काच की. म्हनून दात खाऊन ऱ्हायलो.

मग एका सोमवारी आक्काला अक्कलकोटला न्यायचं हुतं. मागं वकारी येती म्हनून ती म्होरं बसली. तर गाडीला हिसका बसला की नारळ तिच्या गुडघ्याला लागाय लागला, मग पायाला. आक्का म्हनली, आरं बाबा, देवाला पाय लागतोय, पाप घेऊ काय मी ह्या वयात, सोड ती गाठ. मी सोडली, खटका आपसूक आत गेला, तिनं नारळ पदरात घेतला. अक्कलकोटपर्यंत वास न्हाय. आक्का खिडकीतनं रानं बघत बसली, एकदा बी पदर तोंडाला न्हाय. येताना म्हनली, हात भरून आले रं, बांध परत. मी गाठ आवळली, तशी ती म्हनली, आरं हे काय बाहेर आलं बघ!

मी बघितलं. नारळाच्या वजनानं खटका ह्या एवढा बाहेर वढला गेलता. माझ्या डोस्क्यात उजेड पडला बघा. गाडी कडंला घेतली, चालू ठेवली, मागं जाऊन हुंगलं, वास. नारळ सोडून खटका दाबला, इंजिनचा आवाज बसू दिला, मग हुंगलं, न्हाय. आक्का बी खाली उतरली, कमरंत वाकून, पदर खोचून, सायलेन्सरापाशी नाक नेलं. परत बांध म्हनली. बांधला. ती मागनंच वरडली, आला रं आला, मेला वास! गाडीत बसल्यावर म्हनली, माझ्या पोरानं तुझं तोंड हुंगलं व्हय रे? मी म्हनलो, व्हय. तिनं सोताच गाठ सोडली आन् नारळ पदरात घेऊन घरापर्यंत आली.

घरी शेठला सांगितलं तर कसा उसळला! देवीच्या नारळाला दोष देतो, भडव्या? आक्का म्हनली, देवीला न्हाय, गाठीला. तूच बांधलीस न्हवं ती? तवा त्यानं नारळ आरशाला टांगला, आता बरं दिसाय लागलं त्याला समोरचं! मला म्हनला, झालं ते झालं, मनावर घेऊ नको. झालं ते झालं! मी म्हनलो, शेठ, कामगारांम्होरं हुंगलंत, कामगारांम्होरंच सांगा. तोंड फिरवून चा मागितला त्यानं. मी चावी टेकवली आन् निघालो.

आक्कानं सोडलं न्हाय पर. पोरीचं लगीन अडल्यालं तिला कामगारांकडनं कळलं, तशी तीच रिक्षा करून त्या पोराच्या घरी गेली आन् म्हनली, मानूस सोन्यासारखा हाय, माझा पोरगाच येडा. मग आले की ते पाहुने, पेढ्यांचा पुडा घिऊन, हसत हसत, गैरसमज झाला म्हने, आता आमचं काय म्हननं न्हाय. मालकीन हरखली, पाट मांडाय लागली. तर पोरगी बाहेर आली. डोईवर पदर घेतला आन् म्हनली, काका, माझ्या बापाला, आण्णाला, कुनी तरी चोर म्हनलं, तुमी मानलं. कुनी तरी साव म्हनलं, ते बी मानलं. घरी येऊन आण्णाला इचारलं कुनीच न्हाय. उद्या मला कोन काय म्हनलं, तर तुमी कुनाला इचारनार? पेढे परत घिऊन जावा.

मी पुडा उचलून पाहुन्यांच्या हातात दिला. मालकीन अजून बोल लावती मला, की तुमी पोरीला आडवलं न्हाय.

आता मी टेम्पो चालवतोय, कांदा-ज्वारी वैरागवरनं आणतोय. पेठेत गेलो तर एखादा दात काढून इचारतोच, काय, आज किती लीटर वढलं? थुंकतो मी तितं. पोरगी अजून घरातच हाय, शिवन शिकती, बाया म्हनत्यात वय चाललंय. जाऊ द्या. आक्काला देवी निरोगी ठेवो. आन् माझ्या पोरीला एक घर देवो, मोठं नको, पैक्याचं नको, तोंडावर इचारनारं आसलं म्हंजे बास.