टाकी मी शिकवली नाय

मी सुमन, गुहागरकडची. सासरी पिठाची गिरण. लग्नाला वर्ष झालं नि नवरा ड्रायव्हर म्हणून इकडं बहारीनला आला, दीर मुंबईत कंपनीत, मग गिरणीवर बसणार कोण, तर मी. सासऱ्यांचे हात थरथरायचे, त्यांनी मला सगळं शिकवलं, पट्टा चढवायचा, दगड उतरवायचा, दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं त्याला टाकी मारायची, खाचा पाडायच्या. टाकी मारणं सोपं नाय हां, खोल गेली तर पिठात दगडाची कच येते. सात वर्षं मी गिरण चालवली. गाव मला गिरणवाली बोलायचा, मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग दिराची कंपनी बंद पडली नि तो घरी आला. सासरे बोलले, सुमन, आता घरात पुरुष माणूस हाय, त्याला शिकव नि तू चूल बघ. काय सांगू तुम्हाला, अंगाची नुसती लाही झाली. तरी पंधरा दिवस शिकवलं. टाकीचं काढलं तर दीर बोलला, ठोकायला कसली अक्कल लागते. मी बोलले, बरं.

पुढं नवऱ्यानं मला इकडं आणलं. आम्ही हूरा भागात राहतो, मी अमवाजच्या बेटावर एका इंग्रज म्हातारीला सांभाळायला जाते. मॅडम शंभरीला टेकली, नातीकडं असते. पोरगी असताना ती श्रीमंताघरी भांडी घासायची. महायुद्ध लागलं, पुरुष लढायला गेले, सरकारनं पोरींना कारखान्यात बोलावलं. ही पॅन्ट घालून लेथ मशीनवर, तोफगोळे करायला. कोणी बस चालवायची, कोणी शेत नांगरायची. बॉम्ब पडायचे तरी कामाची पाळी चुकवायची नाय. तिकडं मालकिणींना मोलकरणी मिळेनात, त्या स्वतः भांडी घासायला लागल्या, हे सांगताना मॅडम अजून हसते. नि लढाई संपल्यावर फोरमन काय बोलला, तर आभारी आहोत, आता ह्या शिपायाला मशीन शिकव नि घरी जा. हिनं शिकवलं, स्वतःच्या हाताची खुबीसुद्धा दिली. मला बोलते, सुमन, त्या शिपायाचं तोंड अजून आठवतं, मी त्याला का शिकवलं. मी तिचे पाय चोळते नि सांगते, मॅडम, मी टाकी नाय शिकवली. मग तिला झोप लागते.

गेल्या महिन्यात दिराचा फोन. सासरे आता नाहीत. बोलला, दगड गुळगुळीत झालाय, पीठ गरम नि जाडं येतं, लोक पलीकडच्या गावाला दळण नेतात, वहिनी, टाकी कशी मारायची तेवढं व्हिडिओवर दाखवा. मी बोलले, भावोजी, ठोकायला कसली अक्कल लागते, नि फोन ठेवला. खलास. नवरा चिडला, सख्खा भाऊ हाय माझा बोलला. मी बोलले, मग तू शिकव.

दुसऱ्या दिवशी जावेचा फोन, ताई, मला शिकवा. तिला शिकवलं. चार शुक्रवार, इकडं सुट्टी असते तेव्हा, ती तिकडं दगडावर, मी इकडं फोनवर. हात चांगला हाय तिचा. अट एकच घातली, नवऱ्याला दाखवायचं नाय, मागं लागला तरी नाय. काल बोलली, ताई, आता गिरणीवर मी बसते, हे पोती उचलतात. देव तिला शंभर वर्षं आयुष्य देवो. त्यालाही देवो, रोज पोती उचलायला.