दासगावचा ट्यूबा

ट्यूबा, म्हणजे बॅन्डमधला भला मोठा पितळी बाजा, घ्यायला दासगावला गेलो आणि हात हलवत परत आलो, ते ऐका.

बॅन्डवाले अण्णा त्यांचा जुना ट्यूबा विकणार होते. मी शिकाऊ, आजवर दुसऱ्याच्याच ट्यूब्यावर सराव केलेला. अण्णा म्हणाले, "फुंक." फुंकला. बाकी सूर नीट आले, पण तिसरं बटण दाबलं की आवाज मरायचा. चार वेळा फुंकला, चारही वेळा तेच.

अण्णा म्हणाले, "बाजा चांगला हाय. तुझ्यात दम नाय."

पण पोटापाण्याला मी नळ दुरुस्त करतो. बटण दाबलं की वारा त्याच्या नळीतून वळतो; एकाच नळीतून वारा जात नसेल, तर दोष छातीचा कसा? म्हटलं, "अण्णा, ह्या तिसऱ्या बटणाची नळी काढून बघू?"

"पुरात बुडाल्यापासून ती निघत नाय. मोडलीस तर बाजा तुझ्या गळ्यात."

मी तेल सोडलं, फडकं गुंडाळलं आणि हळूहळू पिळत राहिलो. अण्णांची नजर माझ्या हातांवरून हलेना. कर्र आवाज आला. नळी सुटून हातात आली आणि तिच्यातून सावित्री नदीच्या पुराचा वाळलेला गाळ अण्णांच्या ओटीवर पडला.

मी ऐटीत विचारलं, "बोला, कितीला देताय?"

अण्णांनी तो गाळ चिमटीत धरला. म्हणाले, "आता नाय विकायचा. पुरानंतर ह्याच बाज्यावर आवाज मरायचा, तवा दम नाय म्हणून धाकट्या भावाला बॅन्डमधून काढला मी. आधी त्याला फुंकू दे."