कपाटातली मच्छरदाणी

रक्त तपासायच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक सासूबाई आणि त्यांची गरोदर सून बसल्या होत्या.

“ताप नाही, थंडी नाही, मग सुई कशाला टोचून घ्यायची गं?”

“नर्सबाई म्हणाल्या, गरोदरपणात मलेरिया कधीकधी बाळाला पोसणाऱ्या वारेत लपून बसतो, आई. ताप येत नाही, पण बाळाच्या तोंडचं पळवतो.”

“अगदी तुझ्या नवऱ्यावर गेलाय! तोही माझ्या ताटातलं पळवून माळ्यावर लपायचा.”

“आणि गरोदर बाईला डास जास्त शोधत येतात म्हणे.”

“चला, कुणाला तरी तुझी ओढ आहे!”

“हसा तुम्ही. आपल्या मच्छरदाणीत एकच माणूस मावतं, आणि ते माणूस म्हणजे तुमचा लेक.”

“त्याला पहाटे कामावर जायचं असतं गं.”

“आणि मी काय, दुपारपर्यंत लोळते?”

“अगं, नवी आणलीय ना मी! कपाटात जपून ठेवलीय. बाळ आलं की लावू.”

“मग आत्ता पोटात कोण आहे, आई? भाडेकरू?”

सुनेला आत बोलावलं. सासूबाईंनी फोन काढून लेकाला लावला.

“अरे, कामावरून घरी गेलास की कपाटातली नवी मच्छरदाणी काढ आणि हिच्या अंथरुणावर बांध. हो, बाळाचीच. आलंय ते कधीचंच. आपल्यालाच पत्ता नव्हता.”